मरळ, रबरी बेडूक आणि ठेक्याचं पाणी

भीमा खोऱ्यातल्या एका मध्यम आकाराच्या तलावावर मी ल्यूरने मासे पकडायला शिकले. गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही, नुसतं खोटं आमिष. ऑक्टोबर 2023 मध्ये हे डोक्यात घेतलं तेव्हा दोन गोष्टींनी भंडावून सोडलं होतं. पहिली म्हणजे माहिती. व्हिडिओ ढिगाने सापडतात, पण ते अमेरिकेतल्या बास नावाच्या माशाचे नाहीतर केरळातल्या कालव्यांचे. मे महिन्यात तळ दाखवणारा आणि ऑगस्टमध्ये चहासारखा गढूळ होऊन भरणारा आपल्याकडचा तलाव त्यांत कुठेच दिसत नाही. दुसरी म्हणजे या काठावर गळ टाकायला परवानगी कोणाची लागते, हे कुणालाच धड सांगता येईना. त्या दुसऱ्या गोष्टीत जवळजवळ तीन महिने गेले, म्हणून आधी तेच.

आमच्या तलावाच्या भिंतीवर जलसंपदा विभागाची पाटी आहे, ‘पोहण्यास व मासेमारी करण्यास सक्त मनाई’. तिथल्या शाखा कार्यालयात गेले. शाखा अभियंत्यांनी नीट समजावून सांगितलं. भिंत, सांडवा आणि दरवाज्यांच्या आसपास कुणीही फिरकायचं नाही, यात सूट नाही. मागच्या फुगवट्याच्या काठाला त्यांची हरकत नव्हती, पण “मासे हा आमचा विषय नाही.” मासे हा मत्स्यव्यवसाय विभागाचा विषय. त्यांनी ते पाणी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेलं. म्हणजे पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा आणि मासा धरायचा हक्क तिसऱ्याचा. तुमचा तलाव लहान असेल तर मालक वेगळा निघू शकतो. जिल्हा परिषदेचे पाझर तलाव असतात, मृद व जलसंधारण विभागाचे तलाव असतात. आणि जलाशय अभयारण्यात येत असेल, जसं जायकवाडी किंवा नांदूर मध्यमेश्वर, तर ठेका-बिका विसरा. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू होतो आणि प्रश्न वनविभागाकडे जातो.

जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं. हौस म्हणून गळ टाकण्यासाठी छापील अर्ज मला तिथे मिळाला नाही. साध्या कागदावर अर्ज लिहिला, आधारची झेरॉक्स जोडली, आवक क्रमांक घेतला. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला लाजू नका. पुढे तीन आठवड्यांनी चौकशीला गेले तेव्हा टेबलावर नवीन माणूस होता आणि तो शिक्का बघूनच त्यांनी कपाट उघडलं. उत्तर तोंडी मिळालं. ठेका संस्थेकडे आहे, संस्थेची संमती असेल तर आमची हरकत नाही. हे लेखी द्या म्हटल्यावर मात्र “गरज नाही मॅडम.” चिडचिड झाली, पण थांबून उपयोग नव्हता.

संस्थेचं कार्यालय म्हणजे बाजारपेठेतला पत्र्याचा गाळा, एक लोखंडी कपाट, एक वजनकाटा. सचिवांना वाटलं मला मासे विकत हवेत. मी पिशवीतून रबरी बेडूक काढून टेबलावर ठेवला. कोपऱ्यात जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या सभासदांनी तो उचलला, पोट दाबून बघितलं, उलटा करून गळ बघितले.

“ताई, हे खेळणं कुठल्या पोराचं?”

“तात्या, यावर मरळ लागते म्हणतात.”

“लागंल की. तिला काय, हललं की तोंड मारती.”

या तात्यांनी पुढे मला जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओत नाही. सचिवांचा सूर बदलला तो मरळीचं नाव ऐकल्यावर. संस्था दरवर्षी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून तलावात सोडते आणि मरळ ती खाते. मरळ धरायला कुणी येत असेल तर त्यांना नकोच होतं असं नाही. तरी ठराव हवा. नोव्हेंबरच्या सभेला गणपूर्ती झाली नाही. डिसेंबरच्या सभेत ठराव झाला आणि जानेवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात पत्र हातात आलं. अटी सरळ होत्या. फक्त गळ, जाळं नाही. संस्थेच्या जाळ्यांपासून 100 फूट लांब. कटला, रोहू, मृगळ लागले तर सोडायचे. मरळ ठेवायची तर काट्यावर आणून संस्थेच्या दराने पैसे भरायचे, आणि अर्ध्या किलोच्या आतली ठेवायचीच नाही. 15 जून ते 31 ऑगस्ट पूर्ण बंद. फी दिवसाला 100 रुपये. पत्राची मुदत 30 जूनपर्यंत. हे पत्र लॅमिनेट करून घ्या. काठावर गस्तीला येणारा सभासद दर वेळी वेगळा असतो आणि ओल्या हातांनी कागदाचं भजं होतं.

वाट बघण्याच्या काळात सामान घेतलं. सात फुटी मीडियम-हेवी रॉड 2,400 रुपये, 3000 साइजचं स्पिनिंग रील 2,600, 30 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन 900, पक्कड, लीडर (लाइन आणि ल्यूर यांच्यामधला वेगळा दोरा), ल्यूर अडकवायचे स्नॅप वगैरे मिळून 700, आणि ल्यूर 1,900. ल्यूरच्या बाबतीत दुकानात हात सैल सोडू नये. रंगीबेरंगी प्लास्टिकचे ते मासे माणसाला गळाला लावण्यासाठी बनवलेले असतात, माशाचं नंतर बघू. मी चारच जातींवर थांबायचं ठरवलं. पोकळ रबरी बेडूक, फिरतं पातं आणि झालर असलेलं स्पिनरबेट, तीन नंबरचा साधा फिरकी स्पिनर आणि तीन इंची मऊ प्लास्टिकचा मासा, म्हणजे शॅड. पाण्यावर, पाण्याच्या वरच्या थरात, मधे आणि तळाशी, एवढी वाटणी झाली की भागतं. दीडशे रुपयांचा एक थर्मामीटर दोरीला बांधून घेतला. भाच्याने त्यावरून माझी भरपूर चेष्टा केली.

हिवाळा थोडक्यात सांगते, कारण हिवाळ्यात फार काही घडलं नाही. जानेवारीत सकाळी सातला काठाजवळचं पाणी 20 अंशांच्या आसपास. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मंदावते, पाठलाग करायची इच्छा मरते. पहाटे उठून कुडकुडत जाण्यात काही अर्थ नाही. सूर्य डोक्यावर आल्यावर, दुपारी 12 ते 4 मध्ये जावं आणि उथळ, उन्हाने तापलेल्या, काळ्या चिखलाच्या काठाला टाकावं. बेडूक पेटीतच राहू द्यावा. पाणी या दिवसांत काचेसारखं निवळ असतं, म्हणून शॅडचा रंग साधा, माशाच्या पिल्लासारखा, आणि लीडर लांब, तीनेक फुटांचा. शॅड तळाला जाऊ द्यायचा, रॉडचं टोक वीतभर उचलायचं, परत पडू द्यायचं. हे इतकं हळू करावं लागतं की कंटाळा येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर एका दुपारी लाइन नुसती जड झाली, झटका नाही काही नाही, आणि पाऊण किलोची मरळ वर आली. हिवाळ्यात मासा ओढत नाही, नुसता तोंडात धरून बसतो. लाइनकडे नजर ठेवावी लागते.

मार्चपासून सगळं बदललं. 2023 चा पाऊस कमी झाला होता, त्यामुळे 2024 च्या उन्हाळ्यात तलाव भराभर उतरला. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तसं आमच्या तलावात जुना गाडीरस्ता, विहिरीचे कठडे आणि बाभळींची खोडं वर आली. मी आणि भाचा रॉड घरी ठेवून दोन-तीन वेळा नुसते चालत गेलो. प्रत्येक खोड, ओढ्याचं पात्र, दगडी बांध यांचे फोटो काढले, काठावरच्या कायमच्या खुणा धरून. एक चिंच, एक विजेचा खांब, पंपघर. सप्टेंबरात या सगळ्यावर दहा-बारा फूट पाणी होतं आणि मासे नेमके कुठे धरून बसलेत हे आम्हाला फोनमध्ये दिसत होतं. ल्यूरवर पैसे घालवण्याआधी हे करा, फुकट आहे.

आता मरळीबद्दल. ती कल्ल्यांनी श्वास घेतेच, पण डोक्यात कल्ल्यांच्या वर तिला हवेतून प्राणवायू घेण्याचं वेगळं अंग असतं. त्यामुळे मे महिन्यात पाणी 31 अंशांवर जाऊन प्राणवायू कमी झाला, की बाकीचे मासे गळाठतात आणि मरळ मात्र शिकार करत राहते. पण तिला ठरावीक वेळाने हवा घ्यायला वर यावंच लागतं. तात्यांनी मला काठावर बसवून हेच बघायला लावलं. जलपर्णीच्या फटीत पाणी हलकंसं फुगतं, एक ‘बुळुक’ असा आवाज येतो, वर्तुळ उमटतं. “आता ती परत येस्तवर तिथंच हाय. चिलीम वढून घ्या.” वर्तुळ उठलं त्या जागेवरच बेडूक आपटायचा नाही, चार-पाच हात पलीकडे, जलपर्णीच्या पानावर टाकायचा आणि पानावरून घसरत पाण्यात आणायचा. खरा बेडूक आकाशातून पडत नाही.

बेडूक पाण्यात आल्यावर थांबायचं. उठलेली वर्तुळं विरेपर्यंत. मग रॉडचं टोक खाली ठेवून दोन हलके झटके, परत थांबायचं. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सहानंतर, एवढाच वेळ पाण्यावरचा. मधल्या उन्हात मरळ जलपर्णीच्या दाट सावलीखाली शिरते, आणि जलपर्णीत बेडूक ओढायचा तर लीडरशिवाय, ब्रेडेड लाइन थेट बेडकाला बांधून. ही लाइन देठ कापत येते. उघड्या पाण्यात मात्र 40 पौंडाचा लीडर हवाच, कारण मरळीचे दात बारीक पण धारदार असतात.

हल्ला झाला की काय होतं ते नीट सांगते, कारण इथेच बहुतेक मासे सुटतात. पाणी फुटतं, कधी कधी अर्धा मासा बाहेर येतो, आणि आपले हात आपोआप मागे जातात. त्या क्षणी मरळीने बेडूक फक्त चावलेला असतो, गळ तोंडात फिरलेले नसतात. रॉड खाली, पाण्याकडे रोखून ठेवायचा. बेडूक खाली गेला, लाइन सरकायला लागली, ताठ झाली, की मग दोन्ही हातांनी जोरात. त्यानंतर थांबायचं नाही, मासा जलपर्णीत शिरायच्या आत तोंड वर ठेवून ओढून आणायचा. बेडकाचे दोन्ही गळ त्याच्या पाठीला अगदी चिकटून असतील तर पकडीने किंचित वर उचला, केसभरच. जास्त उचलले तर प्रत्येक पान अडकतं. दर पाच-सहा फेकींनंतर बेडकाचं पोट दाबून आत शिरलेलं पाणी काढा, नाहीतर तो बुडायला लागतो.

एप्रिलमध्ये संस्थेच्या जाळ्यात माझा स्पिनर गेला. जाळ्याला खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली बांधलेली असते, पण वाऱ्याने जाळं सरकतं आणि 100 फुटांचा हिशोब चुकतो. तीन टोकांचा गळ नायलॉनच्या जाळ्यात गेला की एकतर जाळं फाटतं नाहीतर ल्यूर जातो. मी लाइन कापली, जागा लक्षात ठेवली आणि सभासदाला फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी जाळं काढताना स्पिनर परत आणून दिला. तेव्हापासून स्पिनरचे सगळे तिहेरी गळ काढून एकेरी लावले आणि गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले. मासा सोडताना तर हे वरदान आहे.

वळवाचा पाऊस येऊन गेल्यावरची संध्याकाळ चुकवू नका. ओढ्याच्या तोंडाशी पाणी किंचित मळतं, किडे, बेडूक वाहून येतात. स्पिनरबेटने पहिल्यांदा काम केलं ते तिथे. मळक्या पाण्यात माशाला दिसतं कमी, पण फिरणाऱ्या पात्याची थरथर त्याला अंगावर जाणवते. म्हणून तांब्याच्या रंगाचं पातं, गडद झालर आणि एकसारखी मंद ओढ. संधिप्रकाशात काळा बेडूक. खालून बघणाऱ्या माशाला आकाशासमोर काळी आकृतीच सगळ्यात ठळक दिसते, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचं कौतुक आपल्यालाच.

15 जूनला बंद. चढणीचे मासे धरायला पहिल्या पावसात ओढ्यांवर गर्दी होते, त्यात आपण नसलेलंच बरं. अंडी घालायला वर चढणारा मासा धरणं म्हणजे पुढच्या वर्षीचा तलाव रिकामा करणं, असं माझं मत आहे. काहींना ते शहरी वाटतं. जुलैत आणि ऑगस्टमध्ये सांडव्याखाली उभं राहून गळ टाकणारी मुलं दिसतात. पाणी सोडण्याचा भोंगा वाजल्यावर पाणी यायला किती वेळ लागेल याचा अंदाज कुणालाच नसतो. तिकडे जाऊच नये.

ऑगस्टमध्ये पत्राचं नूतनीकरण. ठेका तोच, संस्था तीच, तरी नवीन अर्ज, दोन फोटो, जुन्या पत्राची झेरॉक्स आणि परत ठराव. या वेळी गणपूर्ती झाली. बारा दिवसांत पत्र मिळालं. अर्जात मागच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख लिहिली तर शोधाशोध वाचते.

सप्टेंबरात तलाव काठोकाठ होता. गवतात पाणी शिरलेलं, पाण्याला हिरवट झाक. एका सकाळी कडेला ताटाएवढा तांबूस पुंजका हलताना दिसला. जवळून बघितलं तर बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं, एकदम वर येऊन हवा घेत होती आणि एकदम खाली जात होती. पावसाची सर पाण्यावर पडावी तसा आवाज. खाली आईबाप राखणीला असतात. अशा पुंजक्यात काहीही टाकलं तर मरळ शंभर टक्के झडप घालते, भुकेने नाही, पिल्लांना वाचवायला. व्हिडिओवाल्यांना हे माहीत असतं आणि ते तेच करतात. मोठी मरळ काढली की चिलापी आणि इतर मासे ती पिल्लं थोड्या वेळात संपवतात. तात्यांनी होडीतून ओरडून सांगितलं, “ताई, तितनं हला.” आम्ही हललो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सुखाचे महिने. पाणी निवळतं, तरी उबदार असतं, पाणवनस्पती दाट आणि त्यांच्या कडेने छोट्या मासळीचे थवे. उन्हाळ्यात काढलेले फोटो आता बाहेर आले. चिंच आणि विजेचा खांब एका रेषेत धरून जुन्या गाडीरस्त्याच्या बांधावर शॅड, सकाळी नऊपर्यंत बेडूक, वारा सुटला की स्पिनर. वाऱ्याने पाणी खवळलं की बेडूक काढून ठेवावा, तो दिसतच नाही माशाला. आणि वारा ज्या काठावर आपटतो त्या काठावर जावं, पाठीला वारा घेऊन फेकणं सोपं पडतं म्हणून उलट्या काठाला बसू नये. छोटी मासळी तिकडेच ढकलली जाते. नोव्हेंबरात दोन किलोच्या वरची एक मरळ मिळाली. काट्यावर नेली, पैसे भरले, पावती घेतली. लहान सोडायच्या असतील तर हात ओले करून धरा, तापलेल्या दगडावर ठेवू नका. हवेत श्वास घेता येतो म्हणून तिला काही होत नाही हा गैरसमज आहे. अंगावरचा बुळबुळीत थर गेला की जखमेतून रोग शिरतो.

डिसेंबरात पाणी परत 22 अंशांवर आलं आणि शॅड परत बांधला. वर्षभरात फी, प्रवास आणि हरवलेले ल्यूर धरून सामानाइतकेच पैसे आणखी गेले असतील. पहिला बेडूक घेणार असाल तर अडीच इंचाच्या आत घ्या. मोठ्या बेडकावर हल्ले होतात पण अर्धे वाया जातात. पायांच्या रबरी झालरी फार लांब असतील तर कात्रीने एकीकडून अर्धा इंच जास्त कापा. झटका दिला की तो सरळ न येता जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे वळतो, आणि जलपर्णीतल्या वीतभर फटीत तेवढंच हवं असतं.